स्वयंपाकघरात झोपणाऱ्या मुलाचा दमा

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीत आहे. सहाव्या वर्षापासून त्याला दमा आहे. मधली काही वर्षे बरी गेली. परंतु अलीकडे त्रास वाढला. गेल्या वर्षभरात दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले आणि वाफ घ्यायला तर वरचेवर जावे लागते. त्वचेवरील ॲलर्जीच्या चाचणीत झुरळाची गांधी सर्वांत मोठी उठली, त्याखालोखाल धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची. रक्ताच्या अहवालात कोळंबीसमोरही खूण आहे. डोंबिवलीतील जुन्या इमारतीत वन रूम किचनमध्ये आम्ही पाच माणसे राहतो. मुलगा रात्री अभ्यास करून स्वयंपाकघरातच गादी घालून झोपतो. मी घर दिवसातून दोनदा झाडते, तरी झुरळे जात नाहीत. मागे फवारणी केली, त्याच रात्री त्याला धाप लागली. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला आहे. पण त्याने उंची खुंटते आणि सवय लागते असे सासूबाई म्हणतात, म्हणून तो त्रास झाला की तात्पुरता आराम देणारा निळा पंप तेवढा घेतो. त्याचा दमा गंभीर झाला आहे का? झुरळांमुळे खरेच एवढे होते का? कोळंबी बंद करावी का? हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे, ॲलर्जीची इंजेक्शने सुरू करावीत, की हे घरच सोडावे?
— एक आई, डोंबिवली

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून तोच आधी घेतो. दमा गंभीर आहे की नाही हे धाप किती लागते एवढ्यावरून ठरत नाही. तो आटोक्यात ठेवण्यासाठी किती औषध लागते यावरून ठरते. रोजचा प्रतिबंधक पंप मोठ्या मात्रेत, योग्य पद्धतीने आणि न चुकता घेऊनही त्रास थांबत नसेल, किंवा ती मात्रा कमी करताच तो पुन्हा वाढत असेल, तरच त्या दम्याला वैद्यकीय भाषेत गंभीर म्हणतात. तुमच्या मुलाने तो पंप नियमित घेतलेलाच नाही आणि ज्या गोष्टीची त्याला ॲलर्जी आहे तिच्या शेजारी तो रोज रात्री झोपतो. या दोन गोष्टी दुरुस्त झाल्याशिवाय त्याच्या दम्याला गंभीर असे नाव देता येणार नाही, आणि कोणी घाईने दिले तर ते मान्य करू नये.

दमा आटोक्यात नाही, एवढे मात्र निश्चित आहे. ते तपासण्यासाठी चार साधे प्रश्न पुरतात: गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा झाला का, दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, आणि खेळताना किंवा जिना चढताना दम्यामुळे थांबावे लागले का. चारही उत्तरे नकारार्थी असतील तर दमा आटोक्यात आहे. तीन किंवा चार होकारार्थी असतील तर तो मुळीच आटोक्यात नाही. हे प्रश्न मुलाला स्वतंत्रपणे विचारा, कारण या वयातली मुले घरच्यांसमोर त्रास कमी करून सांगतात. आणि 'गंभीर' हा शिक्का आज बसत नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. ज्याला वर्षभरात दम्यासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले आहे आणि जो केवळ निळ्या पंपावर भागवतो, त्याला पुढचा झटका जिवावर बेतण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आता झुरळांकडे वळू. होय, झुरळांमुळे खरेच एवढे होते. झुरळाची ॲलर्जी ही नवी कल्पना नाही. १९६४ मध्ये बर्नटन आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी त्वचेवरील चाचण्यांच्या आधारे तिच्याकडे लक्ष वेधले होते. जिवंत झुरळ अंगावरून जाण्याशी तिचा फारसा संबंध नसतो. झुरळाची विष्ठा, लाळ, टाकलेली कात आणि मेल्यानंतर सुकून भुगा झालेले शरीर यांतील प्रथिने धुळीत मिसळतात आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या शरीरात या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार झालेली असतात; प्रथिने श्वासनलिकेत पोहोचली की त्या प्रतिपिंडांमुळे काही पेशींमधून दाहकारक रसायने बाहेर पडतात, श्वासनलिका आकुंचन पावते, तिला आतून सूज येते आणि चिकट स्राव वाढतो. झुरळाच्या विष्ठेत प्रथिने तोडणारी एन्झाइमेही असतात. ती श्वासनलिकेच्या अस्तरालाच इजा करतात आणि त्यामुळे धूळ, धूर किंवा सर्दीचे विषाणू यांचा शिरकाव सोपा होतो.

या ॲलर्जीची खरी अडचण अशी आहे की ती मुकी असते. मांजर जवळ आले की ज्याला शिंका येतात, त्याला आपला शत्रू कोण हे लगेच समजते. झुरळांच्या धुळीचा संपर्क थोडाथोडा परंतु अखंड असतो, त्यामुळे श्वासनलिका सतत सुजलेली राहते. मग एखादी साधी सर्दी, शेजारच्या गच्चीवरचा फटाक्यांचा धूर किंवा शाळेतली धावण्याची शर्यत झटक्याला पुरेशी होते आणि दोष त्या सर्दीला किंवा शर्यतीला दिला जातो. तुमच्या पत्रातही फवारणीच्या रात्रीचा उल्लेख आहे, पण बाकीच्या रात्रींचा नाही, आणि त्या रात्री अधिक महत्त्वाच्या आहेत.

यासंबंधीचा सर्वांत परिचित अभ्यास १९९७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील आठ ठिकाणच्या, मोठ्या शहरांच्या दाटीवाटीच्या आणि गरीब वस्त्यांमध्ये राहणाऱ्या, ४ ते ९ वर्षे वयाच्या ४७६ दमेकरी मुलांची त्यात पाहणी झाली. त्यांपैकी ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी होती आणि अर्ध्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीतील धुळीत झुरळांची प्रथिने जास्त प्रमाणात सापडली. ज्या मुलांना ॲलर्जीही होती आणि झोपण्याच्या जागी ही प्रथिनेही भरपूर होती, त्यांना दम्यासाठी रुग्णालयात भरती करण्याचे प्रमाण इतर मुलांच्या तिपटीहून अधिक होते. मुद्दा 'आणि' या शब्दापाशी आहे: नुसती ॲलर्जी असलेल्या किंवा घरात नुसती झुरळे असलेल्या मुलांमध्ये एवढा फरक दिसला नाही. माइट्स आणि मांजर यांच्या बाबतीतही त्या अभ्यासात असे चित्र आढळले नाही. तुमच्या मुलाच्या शरीरातील ॲलर्जी तुम्हाला पुसून टाकता येणार नाही. पण त्या जोडीतला दुसरा भाग तुमच्या हातात आहे.

त्यातही पहिले काम आज रात्रीच करता येईल. त्याची गादी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत न्या. घरात झुरळांची प्रथिने सर्वाधिक असतात ती स्वयंपाकघरात, कारण अन्न, पाणी आणि ऊब तिन्ही तिथे असतात. आणि तुमचा मुलगा ओट्याखालच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर, जमिनीलगत नाक ठेवून, सात-आठ तास श्वास घेतो. झुरळे बाहेर पडतात तीही रात्रीच. वन रूम किचनमध्ये जागेची ओढाताण काय असते याची मला कल्पना आहे. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची झोप, दूरदर्शन संच आणि उशिरा परतणारी माणसे असणार. दहावीच्या मुलाला अभ्यासासाठी स्वयंपाकघराचे दार लावून घेता येते, ही मोठीच सोय आहे. अभ्यास त्याने तिथेच करावा, मात्र झोपण्यासाठी बाहेर यावे. शक्य असेल तर त्याला जमिनीऐवजी दिवाणावर झोपवा आणि त्या दिवाणाखालची रद्दी, खोकी, जुने कपडे काढून टाका. झोपण्याच्या खोलीत कोणीही काही खाऊ नये, हा नियम सर्वांसाठी असू द्या.

तुम्ही दिवसातून दोनदा घर झाडता असे लिहिले आहे, त्यामागची हळहळ मला जाणवली. झुरळे असणे म्हणजे घरातल्या बाईचा गबाळेपणा, असा एक समज आपल्याकडे आहे आणि तो अन्यायाचा आहे. जुन्या इमारतींमध्ये सामाईक डक्ट, एकमेकांना जोडलेले सांडपाण्याचे नळ, भिंतींतल्या फटी आणि वर्षानुवर्षे गळणारे जोड असतात. एका घरातून हाकललेली झुरळे नळाच्या कडेने दुसऱ्या घरात जातात. तरीही स्वच्छतेची पद्धत बदलावी लागेल. ही प्रथिने बऱ्यापैकी जड कणांवर असतात. ती एरवी खाली बसलेली राहतात आणि झाडू मारला की उडतात. म्हणून कोरडे झाडणे कमी करा, आधी ओल्या फडक्याने पुसा, आणि झाडायचेच असेल तेव्हा मुलगा घराबाहेर असेल असे पाहा. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राविषयीचे उत्तरही यातच आहे: जे कण हवेत फार वेळ तरंगतच नाहीत, ते गाळण्यासाठी तेवढे पैसे घालवू नका.

झुरळे मारण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक घरांत चुकीच्या गोष्टीवर खर्च होतो. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची झुरळे दिसतात. गटारातून आणि मोरीतून येणारे मोठे, तांबूस, तीन-चार सेंटीमीटरचे ते एक. आणि स्वयंपाकघरातच पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेले ते दुसरे. दुसऱ्याला जर्मन झुरळ म्हणतात; वास्तविक २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या जातीचे मूळ सुमारे २,१०० वर्षांपूर्वीच्या भारत किंवा म्यानमारच्या परिसरात दाखवले आहे, तेव्हा त्याला परका म्हणण्याची सोय उरलेली नाही. ॲलर्जी दोन्हींची होते, मात्र बंदोबस्त वेगवेगळा आहे. मोठ्यांसाठी मोरीच्या आणि बेसिनच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी, रात्री ती झाकावी आणि भिंतीतून नळ जातात तिथल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात. लहान झुरळांची मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी ती फुटण्याच्या बेतात येईपर्यंत स्वतःच्या शरीरालाच धरून वागवते. बिजागऱ्यांत, मिक्सरच्या तळाशी, फ्रिजच्या मोटारीजवळ ती दडून बसते आणि फवारा तिथवर पोहोचत नाही.

म्हणून फवारणी नको, आणि धूर सोडणारे डबे तर मुळीच नकोत. त्या औषधांची वाफ दमेकरी मुलाच्या श्वासनलिकेला थेट त्रास देते, हे तुम्ही अनुभवलेच आहे. शिवाय अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात असे डबे जर्मन झुरळांविरुद्ध जवळजवळ निरुपयोगी ठरले, आणि त्यांतले औषध मात्र ओट्यावर व जमिनीवर पसरून राहिले. त्याऐवजी जेल वापरावे. आपल्याकडील पेस्ट कंट्रोलवाले त्याला बऱ्याचदा हर्बल म्हणतात. त्यात हर्बल काही नसते, ते कीटकनाशक घातलेले आमिष असते. पण ते हवेत उडत नाही, त्याला वास नसतो आणि झुरळ ते खाऊन आपल्या बिळात जाऊन मरते. त्याची विष्ठा आणि मृत शरीर खाणारी इतर झुरळेही त्याने मरतात.

जेल कुठे लावायचे हे अंदाजाने ठरवू नका. आठ-दहा चिकट सापळे आणा आणि ते संध्याकाळी फ्रिजमागे, ओट्याखाली, सिलिंडरजवळ, ट्रॉलीत, मिक्सरमागे, मोरीत आणि मुलाच्या गादीजवळ ठेवा. सकाळी कोणत्या सापळ्यात किती झुरळे आहेत ते लिहून ठेवा. जिथे जास्त, तिथल्या फटींत आणि बिजागऱ्यांत मसुराच्या दाण्याएवढे जेलचे ठिपके लावा. एका जागी मोठा गोळा लावण्यापेक्षा अनेक ठिकाणी लहान ठिपके अधिक उपयोगी ठरतात. जेल लावलेल्या जागी फवारा किंवा फिनेल वापरू नका, कारण त्या वासाने झुरळे आमिषाजवळ येत नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी सापळे पुन्हा लावा, सुकलेले ठिपके बदला, आणि सापळे रिकामे येईपर्यंत हे चालू ठेवा. गोडाला न भुलणारी झुरळेही काही ठिकाणी निपजली आहेत. जेल तसेच पडून राहत असेल तर वेगळ्या घटकाचे जेल आणावे. बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्यांचा जुना उपायही चालतो, मात्र घरात लहान मूल असेल तर त्या हाताला लागणार नाहीत अशा जागीच ठेवाव्यात. सापळे मोजण्याचे काम मुलाकडे द्या. दहावीच्या मुलाला आईने दहा वेळा बजावलेले पटत नाही. स्वतः लिहिलेला उतरता आकडा पटतो.

न्यू ऑर्लिन्स येथे ५ ते १७ वर्षे वयाच्या १०२ दमेकरी मुलांच्या घरी वर्षभर असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या घरांत विचारपूर्वक जागा निवडून आमिष लावले, उरलेल्या घरांत काही केले नाही. आमिष लावलेल्या घरांत झुरळे तर घटलीच, पण त्या मुलांना दम्याचा त्रास झालेले दिवसही दुसऱ्या गटापेक्षा कमी भरले. गादी-उशांची वेष्टने, महागडी यंत्रे यांपैकी काहीही त्यात वापरले नव्हते. एवढा साधा उपाय एवढा गुण देतो, हे मला स्वतःला फार आश्वासक वाटते.

झुरळे संपली की धोका त्याच दिवशी संपला, असे मात्र होत नाही. त्यांची प्रथिने धुळीत कित्येक महिने टिकतात. म्हणून सापळे रिकामे येऊ लागल्यावर एक दिवस ठरवून, मुलाला नातेवाइकांकडे पाठवून, फ्रिज आणि ट्रॉल्या बाहेर ओढा आणि काळ्या मिरीच्या भरडीसारखी दिसणारी विष्ठा, काती, मेलेली झुरळे साबणाच्या पाण्याने पुसून काढा. हे करणाऱ्याने नाका-तोंडाला मास्क लावावा. माळ्यावरची पुठ्ठ्याची खोकी आणि घरपोच आलेल्या पार्सलांचे पुठ्ठे घरात साठवू नका, त्यांच्या पन्हाळींत झुरळे आरामात राहतात. रात्री खरकटी भांडी आणि ओला ओटा ठेवू नका, कचरा झाकून ठेवा, गळका नळ दुरुस्त करा, कारण ही लहान झुरळे अन्नावाचून बरेच दिवस काढतात, पण पाण्यावाचून नाही.

तुमचे एकटे घर कितीही स्वच्छ झाले तरी डक्टमधून पुन्हा आवक होणार, म्हणून सोसायटीच्या समितीला लेखी पत्र द्या. सर्व घरांत एकाच आठवड्यात जेल, डक्ट आणि चेंबरची सफाई आणि गळत्या जोडांची दुरुस्ती, अशी नेमकी मागणी करा. पत्रासोबत डॉक्टरांची एक ओळीची चिठ्ठी जोडलीत तर ते पत्र बाजूला सारणे समितीला जरा जड जाईल.

माइट्सविषयी थोडक्यात सांगतो. त्याची चादर आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या गरम पाण्यात धुवा आणि गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली वेष्टने घाला. डास पळवणारी कॉइल, धूप आणि उदबत्तीचा धूर त्याच्या खोलीत नको. डासांसाठी मच्छरदाणी उत्तम.

आता चाचण्यांविषयी आणि कोळंबीविषयी लिहितो. त्वचेवरील चाचणीतली गांधी जितकी मोठी, तितकी ती ॲलर्जी खरी असण्याची शक्यता जास्त. पण गांधीच्या आकारावरून दम्याची तीव्रता कळत नाही. रक्ताच्या अहवालातील लांबलचक यादीबाबत तर अधिकच सावध राहायला हवे, कारण तिच्यातली खूण म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली एवढेच. तो पदार्थ खाऊन त्रास होईलच असे नाही. कोळंबी, झुरळ आणि माइट्स या तिन्हींच्या शरीरात ट्रोपोमायोसिन नावाचे स्नायूंतील प्रथिन असते आणि त्याची रचना बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे झुरळाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चाचणीत कोळंबीलाही ओळखतात आणि अहवालात खूण उमटते. मुलगा आजवर कोळंबी खात आला असेल आणि खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, उलट्या किंवा धाप यांपैकी काही झाले नसेल, तर केवळ कागदावरच्या खुणेसाठी त्याच्या ताटातली कोळंबी काढून घेऊ नका. असे काही एकदाही झाले असेल, तर मात्र ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला मिळेपर्यंत ती पूर्ण बंद ठेवा. खेकडे आणि शेवंडही त्यातच आले.

ॲलर्जीची इंजेक्शने सध्या नकोत. दमा आटोक्यात नसताना ती देणे धोक्याचे असते, आणि झुरळाच्या बाबतीत त्यांच्या उपयोगाचा पुरावा माइट्स किंवा परागकणांइतका भक्कम नाही.

उरला पंप, आणि खरे तर सगळ्यांत वजनदार बाब तीच आहे. निळा पंप श्वासनलिकेभोवतीचे आकसलेले स्नायू काही तासांसाठी सैल करतो. आतली सूज तो कमी करत नाही. सूज कमी करते ते रोजच्या पंपातील स्टेरॉइड. 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की बारा वर्षांपुढील कोणाही दमेकऱ्यावर केवळ निळ्या पंपाने उपचार करू नयेत. त्याची सवय लागत नाही. नियमित घेतल्यावर दमा आटोक्यात येतो आणि मग डॉक्टर मात्रा कमी करत जातात. सासूबाईंची उंचीविषयीची शंका मात्र अगदीच निराधार नाही आणि तिला नीट उत्तर द्यायला हवे. अमेरिका आणि कॅनडात लहान वयातील दमेकऱ्यांना काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप देऊन ती मुले मोठी होईपर्यंत त्यांची उंची मोजली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पंप न मिळालेल्यांपेक्षा त्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. किंमत आहे ती एवढी. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सासूबाईंना सांगा: प्रत्येक मोठ्या झटक्यात पोटातून किंवा शिरेतून द्यावे लागणारे स्टेरॉइड, जे पंपातल्यापेक्षा कितीतरी जास्त असते, बुडालेली शाळा, आणि वाढीच्या वयात सतत सुजलेली फुप्फुसे.

तुमच्या डॉक्टरांना एक गोष्ट अवश्य विचारा. ब्युडेसोनाइड आणि श्वासनलिका सैल करणारे फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला पंप या वयात रोजही घेता येतो आणि धाप लागल्यावरही तोच घेता येतो. ज्या मुलाला फक्त धाप लागल्यावरच पंप आठवतो, त्याच्यासाठी ही पद्धत फार सोयीची आहे, कारण तो प्रत्येक वेळी सूज कमी करणारे औषधही आपोआप घेतो. बदल मात्र डॉक्टरांनीच करावा. आणि पंप घेण्याची पद्धत त्यांना प्रत्यक्ष करून दाखवायला मुलाला सांगा: पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरचे, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याचे, तोंड ओठांत घट्ट धरायचे, एकच फवारा सोडायचा, सावकाश श्वास घ्यायचा, दहा आकडे म्हणेपर्यंत रोखायचा, आणि शेवटी चूळ भरून टाकायची. बऱ्याच जणांची यात कुठे ना कुठे चूक होत असते, आणि मग औषध लागू पडत नाही असा बोभाटा होतो.

पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गात पंप काढण्याची लाज वाटते, हे मी नेहमी पाहतो. रोजचे औषध सकाळ-रात्र घरीच, दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवून घेता येते; वर्गात दप्तराच्या कप्प्यात फक्त तातडीचा पंप असावा आणि वर्गशिक्षकांना त्याची माहिती असावी. डॉक्टरांकडे गेल्यावर काही मिनिटे त्याला एकट्याला आत बसू द्या. सिगारेट किंवा बंदी असूनही मिळणारी ई-सिगारेट यांविषयी तो तुमच्यासमोर बोलणार नाही. अमेरिकेत १२ ते २० वर्षे वयाच्या ५४६ दमेकऱ्यांवर झालेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीचेच उपचार नीट समजावून आणि पाठपुरावा करून दिले तेव्हा बहुतेकांचा दमा पहिल्या काही आठवड्यांतच पुष्कळ आटोक्यात आला. या वयातली मुले औषध घेतच नाहीत, हे म्हणून सर्वस्वी खरे नाही.

घर सोडण्याचा विचार आत्ता करू नका. दुसऱ्या जुन्या इमारतीतही झुरळे भेटतीलच. तीन महिने हे सर्व मनापासून करा आणि मग फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री चाचणी करून घ्या. आज एक केलेली असेल तर तुलना करता येईल. पंप रोज आणि बरोबर घेतला जात असेल, सापळे रिकामे येत असतील आणि तरीही तो रात्री धापेने उठत असेल, तर मुलांच्या श्वसनविकारांच्या तज्ज्ञांकडे जा. दमा गंभीर आहे का, हा प्रश्न तेव्हा विचारण्याजोगा होईल, आणि त्याला उपचारही आहेत. आयजीई प्रतिपिंडांना बांधून ठेवणारे ओमालिझुमॅब हे इंजेक्शन ६ ते २० वर्षे वयाच्या ४१९ जणांपैकी जवळपास निम्म्यांना देऊन पाहिलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटके येणाऱ्यांचे प्रमाण ते न मिळालेल्यांत ४८.८ टक्के, तर मिळालेल्यांत ३०.३ टक्के होते, आणि ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती व घरात झुरळेही होती त्यांना त्याचा लाभ विशेष झाला. ते महाग आहे आणि सरसकट देण्याजोगे नाही.

तोवर डॉक्टरांकडून एक लेखी योजना मागून घ्या: रोज काय घ्यायचे, त्रास वाढला तर किती फवारे किती वेळाने घ्यायचे आणि केव्हा निघायचे. तिची एक प्रत फ्रिजवर चिकटवा, एक शाळेत द्या. बोलताना वाक्य पूर्ण करता न येणे, बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर दिसणे, गुंगी येणे, किंवा योजनेप्रमाणे फवारे घेऊनही आराम न पडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा, त्याला आडवे न करता बसवून ठेवा आणि वाहन येईपर्यंत योजनेत लिहिल्याप्रमाणे स्पेसरमधून फवारे देत राहा.